मोबाइलमध्ये थांबलेला पंखा : एका धावपट्टीवरचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका छोट्या प्रशिक्षण धावपट्टीवरचं हे प्रकरण मी देखभालीच्या आणि उड्डाणाच्या विद्यार्थ्यांपुढे चर्चेला ठेवत असतो. संस्थेचं, गावाचं, माणसांचं नाव देत नाही. यात कुणाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून वर्तमानपत्रात यायचा प्रश्नच नव्हता. पण अर्ध्या तासात एकाच विमानाच्या एकाच पंख्याने, म्हणजे नाकावरच्या प्रोपेलरने, दोनदा जीव घ्यायची तयारी केली होती. पहिल्या वेळी तो फिरत होता आणि दुसऱ्या वेळी थांबलेला होता. त्यातलं दुसरं प्रकरण बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नाही.

मे महिना, संध्याकाळचे साडेपाच, तापमान ४२ अंश. एका विद्यार्थिनीचं पहिलं एकटीचं उड्डाण त्या दिवशी होतं. पहिलं सोलो झालं की विद्यार्थ्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायचं ही अनेक फ्लाइंग क्लबांमधली जुनी रीत. मुलीच्या घरचे दोन जीपा करून आले होते: आई-वडील, काका, आत्या, चुलतभाऊ आणि तिचे आबा. हार, पेढे, नारळ, हळदीकुंकवाची कुयरी, सगळं सोबत. शेतकरी घर. ट्रॅक्टर आला तेव्हा जसा ओवाळला, तसंच विमानही ओवाळायचं असं आत्याबाईंनी घरूनच ठरवून आणलेलं.

विमान सेसना १७२, इंधन थेट सिलिंडरपाशी फवारणारं लायकमिंगचं इंजिन, पुढे दोन पात्यांचा स्थिर कोनाचा पंखा. पंख्याचा व्यास ७६ इंच, म्हणजे साधारण १.९३ मीटर. खालचं टोक जमिनीपासून वीतभराहून थोडं जास्त वर, वरचं टोक उंच माणसाच्याही डोक्यावर, आणि मधलं टोपण बरोबर छातीच्या उंचीला. समोरून चालत येणाऱ्या माणसाचा नडगीपासून टाळूपर्यंत असा एकही भाग नाही जो या चकतीच्या बाहेर राहील.

मुलगी एक चक्कर मारून नीट उतरली. टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत, एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) आली, हँगरकडे तोंड करून थांबली. इंजिन बंद केलं नाही, कारण तसंच सांगितलेलं होतं. पुढचा विद्यार्थी हेल्मेटसारखा हेडसेट गळ्यात अडकवून तयारच उभा होता. ती उतरणार, प्रशिक्षक आणि तो आत बसणार आणि सूर्य मावळायच्या आत त्याच्या दोन-तीन चकरा होणार.

इंजिन चालू ठेवून माणसं बदलायची, हे वाचणाऱ्याला सरळ बेपर्वाई वाटेल. पण त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. या इंजिनात इंधनाच्या बारीक नळ्या इंजिनाच्या माथ्यावरून सिलिंडरांकडे जातात. विमान उडत असतं तोवर वारा आणि वाहतं इंधन त्यांना गार ठेवतं. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, खालची सगळी उष्णता वर चढते आणि नळ्यांमधलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पाच-दहा मिनिटांनी स्टार्टर मारावा तर पंपापुढे इंधनाऐवजी वाफ. इंजिन खोकतं, फुरफुरतं, बंद पडतं. पुन्हा मारा, पुन्हा तेच. स्टार्टर तापतो, बॅटरी बसते, आणि मे महिन्यातली संध्याकाळ वाया जाते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला भारतात २०० तास लागतात. त्यातला प्रत्येक तास घरच्यांनी कर्ज काढून, क्वचित रान विकून भरलेला असतो. ‘इंजिन बंद करू नका’ ही सवय तिथे आळसातून आलेली नव्हती. उन्हाने आणि पैशाने ती लावली होती. म्हणूनच ती घालवणं अवघड गेलं.

एप्रन आणि हँगर यांच्यामध्ये लोखंडी खुंट्यांना बांधलेली दोरी असे. त्या दुपारी इंधनाची गाडी जायची म्हणून ती सोडली होती, परत बांधली नव्हती. दोरीपाशी थांबणारा हेल्पर बादली भरायला नळावर गेला होता. शेजारी, पन्नासेक पावलांवर, दुसरं विमान उड्डाणाआधीची इंजिन-तपासणी करत मोठ्याने घोंघावत होतं. म्हणजे कानाला इंजिनाचा आवाज भरपूर होता, फक्त तो कोणत्या विमानाचा हे कळायला मार्ग नव्हता. विमानाचं तोंड पूर्वेला हँगरकडे. त्यामुळे हँगरपाशी उभ्या माणसांच्या थेट डोळ्यांत मावळतीचं ऊन, आणि त्या उन्हात विमानाचं नाक.

चुलतभाऊ मोबाइलवर शूटिंग घेत होता. आबांनी हार हातात घेऊन त्याला विचारलं, “बंद झाला का रे पंखा?” त्याने पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, “हाव आबा, थांबलाय.”

आबा निघाले.

या क्षणाकडे नीट बघायला हवं, कारण चौकशीत सुरुवातीला सगळ्यांनी त्या पोराला झापलं आणि झापून विषय संपवला. पोरगा खोटं बोलला नव्हता. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं. नंतर तो व्हिडिओ सगळ्यांनी बसून बघितला. त्यात पंखा खरोखरच उभा आहे. दोन्ही पाती स्वच्छ, किंचित वाकडी, जवळजवळ जागच्या जागी.

हिशोब असा. इंजिन त्या वेळी मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास होतं. म्हणजे सेकंदाला १५ फेऱ्या, आणि पाती दोन म्हणून एका जागेवरून सेकंदाला ३० पाती जाणार. साधा मोबाइल कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. एका चित्रात एक पातं जिथे होतं, पुढच्या चित्रात तिथे नेमकं दुसरं पातं येऊन उभं. पडद्यावर पंखा थांबलेला. फेऱ्या थोड्या कमी-जास्त झाल्या की तो हळूच उलटा किंवा सुलटा सरकताना दिसतो. त्यात भर अशी की कडक उन्हात कॅमेरा प्रत्येक चित्र अगदी अल्प क्षणात टिपतो, त्यामुळे पातं फराटल्यासारखंही येत नाही, रेखीव येतं. पाती वाकडी दिसतात ती यामुळे, की मोबाइल पूर्ण चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. त्या वाकडेपणावरून जाणकाराला शंका यावी. पोराला का यावी? त्याने आयुष्यात विमानाचे जितके व्हिडिओ पाहिले असतील त्या बहुतेकांत पंखा असाच वाकडातिकडा आणि संथ दिसलेला असणार.

उघड्या डोळ्यांनाही तो धड दिसत नव्हता. ९०० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातो. डोळ्याला दिसते ती एक धुरकट चकती, आणि मागून ऊन आलं की तीही विरून जाते. टोकांना रंगाचे पट्टे मारतात ते यासाठीच की निदान एक वर्तुळ दिसावं. इथे पट्टे होते, पण जुने, उन्हाने विटलेले.

आता आबांच्या जागेवरून बघू. समोर विमान, काचेमागे नातीचा चेहरा. ती दिसतेय, हसतेय. माणूस ज्याला भेटायला निघतो त्याच्या तोंडाकडे बघत चालतो. एक इंजिनाच्या विमानात त्या दोघांमधली सरळ रेषा पंख्याच्या मधोमध जाते. मोठ्या विमानांत हा पेच रचनेतच सोडवलेला असतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘उडान’ योजनेत नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली तेव्हा तिथे एटीआर ७२ हे दोन पंख्यांचं प्रवासी विमान आलं, आणि मराठवाड्यातले कितीतरी लोक पहिल्यांदा त्यात बसले. त्या विमानाचं प्रवासी दार मागे, शेपटीकडे आहे. पंखे पुढे राहतात आणि प्रवाशाला त्यांच्या वाटेला जायचं कारणच पडत नाही. उजव्या इंजिनाला तर पंख्याचा ब्रेकही असतो, आतलं टर्बाइन वीज आणि हवा देत राहतं आणि बाहेर पंखा ठप्प उभा. छोट्या सेसनात यातलं काहीच नाही. तिथे रचनेची उणीव दोरीने आणि माणसाने भरून काढायची असते. आणि त्या संध्याकाळी दोरी सोडलेली होती, माणूस नळावर होता.

माणूस चालतो सेकंदाला साधारण सव्वा मीटर. एका पात्यानंतर दुसरं येईपर्यंत तो जेमतेम चार सेंटिमीटर पुढे सरकतो. मधल्या फटीतून कुणी निसटत नाही.

प्रशिक्षक विमानाच्या उजव्या पंखाच्या (विंगच्या) टोकापाशी पुढच्या विद्यार्थ्याशी बोलत होता, पाठ हँगरकडे. हेल्पर बादली घेऊन परतला तेव्हा आबा निम्म्या वाटेवर होते. तो ओरडला, “ओ आबा, थांबा, थांबा!” शेजारच्या विमानाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार. तो धावला नाही, बादली टाकून दोन्ही हात डोक्यावर आडवे करून विमानातल्या मुलीला खूण केली. माझ्या मते त्या दिवसातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. धावला असता तर आबा दचकून पुढेच गेले असते, किंवा दोघेही त्या चकतीपाशी पोचले असते. त्याने ओळखलं की पंखा बंद करणारा हात आत आहे.

मुलीने नंतर सांगितलं की तिला आधी आबांची पांढरी टोपी हललेली दिसली आणि मग हेल्परचे हात. तिने मिक्श्चरचा, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन कमी-जास्त करणारा, लाल नॉब सरळ बाहेर ओढला. इंधन तुटलं, पण नळीतलं उरलेलं जळेपर्यंत इंजिन दोन-तीन सेकंद घेतंच. पंखा थांबला तेव्हा आबा चार-पाच पावलांवर होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते तसेच पुढे आले आणि उभ्या पंख्यावरून हात पुढे करत म्हणाले, “ये माय, खाली ये.”

वर्गात इथे हमखास प्रश्न येतो: मिक्श्चर का, चावी का नाही? चावी फिरवून मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रं, बंद केले असते तर ठिणगी तत्क्षणी तुटली असती. बरोबर आहे. जीव वाचवायचा असेल तर दोन्ही करा, आधी जे हाताला लागेल ते. पण रोजचं इंजिन मिक्श्चरनेच बंद करायला शिकवतात आणि घाबरलेला माणूस रोजचंच करतो. मिक्श्चरने बंद करण्याचं कारण असं की सिलिंडरांत जळण्यासारखं काही उरू नये. हे कारण विसरलं की काय होतं ते पुढच्या वीस मिनिटांत दिसलं.

मुलीने मिक्श्चर ओढलं, मग मास्टर स्विच, म्हणजे विमानाच्या विजेचं मुख्य बटण, बंद केला. पडदे विझले, शेपटीवरचा लाल बीकन विझला, विमान मेल्यासारखं शांत झालं. ती दार उघडून पळतच आबांकडे गेली. रडली. चावी तशीच राहिली, ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही मॅग्नेटो चालू. इंजिन बंद करायच्या यादीतली एक ओळ राहिली आणि त्या अवस्थेत ती राहणं स्वाभाविक होतं. प्रशिक्षकाने पुढचं उड्डाण रद्द केलं. सगळ्यांचा श्वास खाली आला. बादली पुन्हा भरली गेली, पाणी ओतलं गेलं, पेढे वाटले. आणि मग आत्याबाई हळदीकुंकू घेऊन पुढे आल्या.

पंख्याच्या टोपणाला त्यांनी कुंकू लावलं. काकांनी हार घातला. पण पाती तिरकी थांबलेली, हार घसरायला लागला. फोटो नीट यावा म्हणून चुलतभावाने एक पातं धरलं आणि आडवं करायला ओढायला लागला.

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. तो आत लोहचुंबक फिरवून स्वतःची वीज स्वतःच तयार करतो. मास्टर बंद आहे की चालू, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. चावी ‘ऑफ’ला नेली की मॅग्नेटोची एक तार विमानाच्या सांगाड्याला जोडली जाते आणि ठिणगी मरते. चावी ‘बोथ’वर असेल, किंवा ती तारच तुटलेली असेल, तर मॅग्नेटो जिवंत. इंजिन हळू फिरतानाही पकडावं म्हणून मॅग्नेटोत स्प्रिंगचा एक झटका बसवलेला असतो, त्याला इम्पल्स कपलिंग म्हणतात. त्यामुळे हाताने अर्धा फेरा ओढला तरी कडक ठिणगी पडू शकते. उरला प्रश्न इंधनाचा. त्या संध्याकाळच्या उन्हात, नुकत्याच बंद झालेल्या इंजिनात, माथ्यावरच्या नळ्यांमधलं पेट्रोल उकळून सिलिंडरांकडे झिरपत होतं. जी गोष्ट इंजिन पुन्हा चालू होऊ देत नाही म्हणून इंजिन चालू ठेवायची सवय लागली होती, तीच आता थांबलेल्या पंख्यामागच्या इंजिनात बंदुकीसारखी दारू भरत होती. इंजिन पूर्ण चालू व्हायचीही गरज नसते. एका सिलिंडरने एकदा पेट घेतला की पातं अर्धा फेरा झटकन मारतं, आणि तेवढं पुरतं.

तिथल्या देखभाल इंजिनिअरने लांबूनच ओरडून पोराला हात सोडायला लावला. तो विमानाच्या चाकांना चॉक (अडकण) लावायला आला होता आणि उघड्या दारातून त्याची नजर चावीवर गेली. त्याने सगळ्यांना पात्यांच्या वर्तुळाबाहेर काढलं, मागून वळसा घालून दारापाशी गेला, चावी बंद केली, काढून खिशात टाकली. फोटो मग विमानाच्या शेपटीपाशी झाले. घरच्यांना तो जरा तिरसट वाटला म्हणे.

आठवड्याने बैठक झाली. प्रशिक्षकाचं म्हणणं, गावाकडच्या माणसांना विमानतळाची सवय नसते, त्यांना आत येऊच देऊ नका. मला हे पटत नाही. जो माणूस घरात कडबाकुट्टी चालू असताना पोरांना पाच हातांच्या आत येऊ देत नाही त्याला फिरत्या पात्याची भीती शिकवायची गरज नसते. आबांनी तर निघण्याआधी विचारलं होतं, पंखा बंद झाला का म्हणून. त्यांना चुकीचं उत्तर मिळालं. आणि सवयीचं म्हणाल तर सवय असलेली माणसंच जास्त सापडतात. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने १९८३ मध्ये फिरत्या पंख्यांच्या धोक्यावर परिपत्रक काढलं, त्यातही प्रवासी चढवणारे-उतरवणारे आणि विमानाची सेवा करणारे लोक पुढे होते. २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथच्या हेलिपॅडवर शेपटीच्या पंख्याने जो माणूस गेला तो राज्याच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचाच अधिकारी होता. डिसेंबर २०११ मध्ये टेक्सासमध्ये एक तरुणी छोट्या विमानातून उतरून पुढच्या बाजूला गेली, इंजिन चालू होतं. तिचा डावा हात आणि डावा डोळा गेला. तिला मागून जायला सांगितलेलं होतं. सांगणं पुरत नाही. अंधारात, वाऱ्यात, आनंदात माणूस सांगितलेलं विसरतो.

त्या परिपत्रकात सगळ्यात सोपा उपाय दिलेला आहे: माणूस चढण्या-उतरण्याआधी इंजिन बंद करा. बैठकीत दोन तास जे भांडण झालं ते खरं तर याच एका ओळीवर. हिशोबनीस म्हणाले, दिवसाला दोन-तीन उड्डाणं कमी होतील. प्रशिक्षक म्हणाले, गरम इंजिन चालू होत नाही. इंजिनिअर म्हणाला, होतं, तुम्ही पुस्तकातली गरम स्टार्टची पद्धत वापरत नाही, थंड स्टार्टसारखंच इंधन पंप करून सिलिंडर भिजवता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तीन प्रशिक्षकांना ते करून दाखवलं. एका वेळेला जमलं नाही, बाकीच्या वेळी जमलं. एवढ्यावर निर्णय झाला की दार उघडायचं तर पंखा थांबलेला हवा, अपवाद नाही.

बाकीचे बदल छोटे आहेत, पण मला ते जास्त आवडतात. चावी आता काचेखालच्या फळीवर, बाहेरून दिसेल अशी ठेवतात. चावी दिसली नाही तर कुणी पंख्याजवळ जात नाही. इंजिन बंद करण्याआधी मंद गतीवर चावी क्षणभर ‘ऑफ’ला नेऊन बघतात, इंजिन मरायला लागलं तर तार शाबूत. पट्टे नव्याने रंगवले. आणि नातेवाईक आले की हेल्पर त्यांना एकच वाक्य सांगतो: “ही उघडी कडबाकुट्टी आहे, मोबाइलमधी बघून बंद आहे म्हणू नका.” पूर्वी तिथे छापील सूचनांचा फलक होता. तो अजून आहे, वाचताना कुणी दिसत नाही.

एक मुद्दा मात्र बराच काळ लोंबकळत राहिला. पहिल्या सोलोच्या आधी प्रशिक्षक स्वतः चालू इंजिनातून उतरतो, ही जगभरची जुनी पद्धत. नवा नियम त्यालाही लागू करायचा तर विद्यार्थ्याला आयुष्यातल्या पहिल्या एकट्या उड्डाणाला गरम इंजिन एकट्याने चालू करावं लागणार. मनावर आधीच ताण, त्यात खोकणारं इंजिन. प्रशिक्षकांचा हा आक्षेप मला रास्त वाटतो. शेवटी त्यांनी तोडगा असा काढला की पहिलं सोलो सकाळी सातच्या आत, इंजिन तापायच्या आधी. घरच्यांना त्यासाठी आदल्या रात्री मुक्कामाला यावं लागतं. लॉज गावात एकच आहे, त्यामुळे बहुतेक जण हँगरमागच्या खोलीत सतरंजीवर झोपतात. हेल्परची बायको पहाटे सगळ्यांना चहा देते आणि दर कपाचे पैसे घेते.